भूतानची लसीकरण मोहीम : मुहूर्त आणि पूर्वतयारी

२० जानेवारी २०२१ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरून कोव्हिशिल्ड लसीचे दीड लाख डोस भूतानकडे रवाना झाले. कोरोनाच्या महामारीत भारताने शेजारी राष्ट्रांना भेट म्हणून लस पाठविण्यास त्या दिवशी प्रारंभ केला आणि पहिल्या खेपेचा मान भूतान व मालदीव या दोन लहान देशांना मिळाला. लस तयार झाली होती पुण्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये.

हडपसर हे नाव आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी तेथील ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या परिसरात साथीच्या रोग्याला उचलण्यास दुसरे कोणी पुढे येत नव्हते, त्याच परिसरातून सव्वाशे वर्षांनी एका बौद्ध देशासाठी साथीवरची लस निघाली. हा योगायोग आहे आणि योगायोगाला आम्ही त्याहून अधिक अर्थ देत नाही. परंतु तो नमूद केल्यावाचून पुढे जाणेही आम्हांस बरे वाटले नाही.

भूतानने या लसीचे जे केले त्याची जगभर वाखाणणी झाली. २७ मार्च २०२१ रोजी तेथील मोहीम सुरू झाली आणि सोळा दिवसांत देशातील सुमारे ९३ टक्के प्रौढांना पहिला डोस मिळाला. त्याच वर्षी २० जुलैला दुसऱ्या डोसची फेरी सुरू झाली आणि एका आठवड्यात पात्र प्रौढांपैकी ९० टक्के लोकांना तो देऊन झाला. महामारीच्या काळातील ही बहुधा सर्वांत वेगवान मोहीम होय, असे युनिसेफने म्हटले. आपल्या सभा-संमेलनांतून या घटनेचा उल्लेख दोन प्रकारे होतो. काही उपासक अभिमानाने म्हणतात, "बघा, बौद्ध देश असल्यामुळेच हे झाले." आणि काही तरुण मित्र तितक्याच ठामपणे विचारतात, "ज्योतिषाला विचारून लस टोचणाऱ्यांचे कौतुक आम्ही कशाला करायचे?" दोन्ही बोलण्यांत थोडेथोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. नेमके काय घडले ते आधी पाहू.

भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. एवढ्या माणसांना लस टोचणे ते काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण ही माणसे एका शहरात राहत नाहीत. हिमालयाच्या उतारांवर, खोल दऱ्यांच्या काठी, एकेका डोंगरावर दहा-वीस घरे अशा पद्धतीने ती पसरलेली आहेत. उत्तरेकडील लुनाना भागात तर मोटाररस्ताच पोचत नाही. तेथे जायचे म्हणजे अनेक दिवसांची पायपीट, नाहीतर हेलिकॉप्टर. आणि महामारीच्या आरंभी साऱ्या देशात डॉक्टर होते अवघे ३३७.

या गोष्टीची जाणीव तेथील राज्यकर्त्यांना पुरेपूर होती. रोग एकदा पसरला तर रुग्णालये तग धरणार नाहीत, तेव्हा तो पसरूच द्यायचा नाही, हे धोरण पहिल्याच आठवड्यात ठरले. मार्च २०२० च्या प्रारंभी एका अमेरिकन पर्यटकाच्या रूपाने पहिला रुग्ण सापडताच पर्यटन बंद झाले आणि महिनाअखेरीपूर्वी सीमा बंद झाल्या. पर्यटन हे त्या देशाच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे निर्णयाची किंमत कळते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकास २१ दिवस अलग ठेवले जाई आणि त्याचा खर्च सरकार करी. ज्यांचा रोजगार बुडाला त्यांना राजाच्या मदतनिधीतून दरमहा रक्कम मिळू लागली. उपाशी माणसाला घरात बसा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो, ही साधी गोष्ट तेथे आधी ओळखली गेली. आपल्याकडे त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून गावाकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. अधिक लिहीत नाही.

त्या वेळचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग हे स्वतः शस्त्रक्रियेचे डॉक्टर. पंतप्रधान झाल्यावरही शनिवारी रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रिया करण्याचा त्यांचा प्रघात होता. परराष्ट्रमंत्री बालरोगतज्ज्ञ आणि आरोग्यमंत्री डेचेन वांगमो यांचे शिक्षण सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे. रोग्याच्या उशाशी बसलेली माणसे मंत्रिमंडळात असली म्हणजे निवेदने भपकेबाज राहत नाहीत. काय ठाऊक आहे आणि काय अजून कळलेले नाही, हे लोकांना वेळोवेळी सांगितले जात होते.

आता लसीकडे वळू. जानेवारीत दीड लाख डोस हाती आले होते. कोणत्याही सरकारला मोह झाला असता की दुसऱ्याच दिवशी टोचणी सुरू करावी, छायाचित्रे काढावीत. भूतानने तसे केले नाही. मिळालेले डोस थंड जागी ठेवून दिले आणि वाट पाहिली. याची दोन कारणे सांगण्यात आली. पहिले असे की, देशातील सर्व प्रौढांना पुरेल इतकी लस एकदम हाती आल्यावरच मोहीम काढायची, म्हणजे कोणाला आधी व कोणाला मागून हा प्रश्नच उरणार नाही. दुसरे कारण धार्मिक होते. १४ फेब्रुवारी ते १३ मार्च हा काळ तेथील पंचांगाप्रमाणे अशुभ मानला जात होता, तेव्हा तो टळू द्यावा असा सल्ला भिक्षुसंघाच्या मध्यवर्ती संस्थेने, म्हणजे झुंग द्रात्शांगने दिला.

२२ मार्च रोजी भारताकडून आणखी चार लाख डोस पोचले. एकूण साडेपाच लाख झाले. मग २७ मार्च, सकाळी साडेनऊ ही वेळ निश्चित झाली. पहिली लस घेणारी व्यक्ती वानर वर्षात जन्मलेली स्त्री असावी आणि टोचणारीही वानर वर्षातलीच स्त्री असावी, असेही ग्रहमानावरून ठरले. थिंफूतील एका शाळेत, तुपाचे दिवे लावून आणि मंत्रपठण करून, त्याप्रमाणे पहिली लस दिली गेली.

येथेच आमचे तरुण मित्र हरकत घेतात आणि त्यांची हरकत रास्त आहे. ग्रहतारे पाहून शुभाशुभ सांगण्याचा धंदा भिक्षूंनी करू नये, हे दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात स्पष्ट आलेले आहे. अशा विद्यांना तेथे हीन विद्या म्हटले आहे. जातककथांत नक्खत्त जातक नावाची एक लहान कथाही आहे. एका नगरातील लोकांनी खेड्यातील मुलगी आपल्या मुलासाठी ठरविली. लग्नाच्या दिवशी त्यांनी आपल्या कुळाच्या आजीवक साधूला विचारले की आज नक्षत्र शुभ आहे काय? आपल्याला आधी विचारले नाही याचा त्या साधूला राग होता. तो म्हणाला, आज मुळीच शुभ नाही. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातल्या लोकांनी वाट पाहून मुलगी दुसरीकडे दिली. दुसऱ्या दिवशी नगरवाले आले आणि भांडण जुंपले. तेव्हा एका शहाण्या माणसाने त्यांना समजावले की मुलगी मिळणे हेच शुभ होते, त्यात तारे काय करणार? परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात मुहूर्ताला जागा नाही. आपण लग्ने, गृहप्रवेश, नामकरण मुहूर्त न पाहता करतो आणि ते चांगलेच चालते. भूतानचा वज्रयान संप्रदाय वेगळ्या परंपरेतून वाढलेला आहे, हे समजून घेतले तरी त्यातील ग्रहमान आपण स्वीकारण्याचे काही कारण नाही.

पण मग या मुहूर्ताने तेथे बिघडवले काय? नीट पाहिले तर फार काही नाही. अशुभ महिना संपेपर्यंत थांबले म्हणावे, तर पुरेशी लस त्यानंतर नऊ दिवसांनीच आली. म्हणजे मुहूर्त नसता तरी सर्वांना एकदम लस देण्याचा निश्चय त्यांना तेथवर थांबवणारच होता. आणि थांबणे परवडले, कारण सीमा बंद होत्या, रोग आटोक्यात होता. तोवर देशात कोरोनाने केवळ एक मृत्यू झाला होता, तो जानेवारी २०२१ मध्ये. दररोज शेकडो माणसे मरत असताना कोणी ताऱ्यांसाठी महिनाभर थांबले असते, तर आम्ही वेगळ्या भाषेत लिहिले असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जगात अनेक ठिकाणी धर्माचे पुढारी लसीच्या विरुद्ध उभे राहिले. पोलिओच्या लसीने मुले वांझ होतात अशी अफवा आपल्याच देशात काही भागांत पसरली होती आणि ती मोडण्यास किती वर्षे लागली! तेथे मठाने लोकांना सांगितले, लस घ्या, आणि अमुक दिवशी घ्या. "घ्या" हा शब्द महत्त्वाचा होता. भाविक म्हातारी ज्या लामाचे ऐकते त्यानेच दंड पुढे करायला सांगितल्यावर तिच्या मनातील धास्ती कमी झाली असेल, हे आम्ही मान्य करतो. आमच्या मते या प्रकरणात मुहूर्ताचे काम पत्रिकेवरच्या वेळेचे होते. पत्रिकेवर कोणती वेळ छापली यापेक्षा मांडवात पाहुण्यांना पुरेसे अन्न शिजले होते की नाही, हे पाहावे.

अन्न शिजले होते. बाराशेच्या वर लसीकरण केंद्रे उभी राहिली होती. त्यांतील बरीच शाळांतून होती. लोकांची नोंदणी आधीच झालेली होती. सुमारे तीन हजार आरोग्य कर्मचारी कामाला लागले. त्यांच्या जोडीला होते देसूप. हे नारिंगी गणवेशातील स्वयंसेवक. राजाच्या पुढाकाराने २०११ साली ही संघटना सुरू झाली आणि महामारीत तिची संख्या वीस हजारांच्या वर गेली. रांग लावणे, वृद्धांना आणणे, नाव तपासणे, लस घेतल्यानंतर माणूस बसवून ठेवणे, लसीच्या पेट्या वाहून नेणे, ही सारी कामे त्यांनी केली. डॉक्टर कमी असलेल्या देशाने टोचण्याचे काम शिकलेल्या हातांत ठेवले आणि बाकी सर्व कामे समाजावर सोपविली. आपल्या मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे शास्त्रही सांगतो, कारण लसीच्या पेटीचा विचार केल्याशिवाय डोंगरातली अडचण कळणार नाही. कोव्हिशिल्ड ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठ व ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केली. चिंपांझी माकडांत सर्दी उत्पन्न करणारा एक विषाणू घेऊन, तो आपल्या शरीरात वाढू शकणार नाही अशा रीतीने दुबळा केला जातो. मग कोरोनाच्या अंगावरचे जे काटे असतात, ते बनविण्याची सूचना त्याच्यात भरली जाते. हा निरुपद्रवी विषाणू आपल्या पेशींत शिरला की पेशी ते काटे थोडा काळ तयार करतात. शरीराचे संरक्षक दल ते काटे पाहते, ओळखते आणि त्यांच्याशी लढण्याची तालीम करते. पुढे खरा कोरोना आला तर तालीम झालेले दल लवकर धावते. पहिल्या डोसाने ओळख होते, दुसऱ्याने ती पक्की होते. लस घेतलेल्याला रोग होणारच नाही असे नाही, पण रोग जिवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ घटते.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. गोठली तरी फुकट, तापली तरी फुकट. एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी एकदा टोचली की काही तासांत संपवावी लागते, उरलेले टाकून द्यावे लागते. आता कल्पना करा : उंच डोंगरावर आठ घरे आहेत. तेथे एक कुपी न्यायची तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून, पाठीवर. बाहेर हिमवर्षाव असल्यास गोठण्याची भीती. शिवाय कुपी उघडताना दहा माणसे समोर हवीत. म्हणून नुसती लस पोचवून भागत नाही, कोणत्या गावात किती प्रौढ आहेत आणि ते त्या दिवशी घरी असतील काय, याची यादी आधी हवी. जुलैतील दुसऱ्या फेरीत ऐन पावसाळा होता. दरडी कोसळत होत्या. आरोग्य कर्मचारी काही ठिकाणी दिवसेंदिवस चालून गेले आणि ज्यांना केंद्रापर्यंत येणे शक्य नव्हते त्यांना घरी जाऊन लस दिली. लुनानासारख्या भागात हेलिकॉप्टर गेले.

हे सारे त्या चार महिन्यांत शिकलेले नव्हते. भूतानमध्ये मुलांच्या लसीकरणाचा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे आणि वर्षानुवर्षे दहातील नऊंहून अधिक मुलांना नेहमीच्या लसी मिळत आल्या आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस मुलींना राष्ट्रीय कार्यक्रमातून देण्यास तेथे २०१० साली सुरुवात झाली. अनेक श्रीमंत देशांनीही तोवर हे केले नव्हते. मूलभूत आरोग्यसेवा मोफत मिळावी असे तेथील २००८ च्या संविधानात नमूद आहे. गावच्या केंद्रातील जी ताई मुलाला गोवराची लस टोचत आली, तीच कोरोनाची कुपी घेऊन आली. तिच्यावर विश्वास ठेवायला लोकांना पंचांग लागले नसावे, असा आमचा तर्क आहे.

आता आपल्याकडचे पाहू. तुलना करताना न्याय राखला पाहिजे. आपला देश प्रचंड आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी भारताची मोहीम सुरू झाली आणि दिल्लीच्या एम्स रुग्णालयात पहिली लस एका सफाई कामगाराला दिली गेली. ज्या कामाला पिढ्यान्पिढ्या अस्पृश्यता चिकटवली गेली, त्या कामातील माणसाचा दंड देशात पहिला पुढे आला, याचे आम्हांस समाधान वाटले. २१ ऑक्टोबर २०२१ ला शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ ला दोनशे कोटी डोस देऊन झाले. आशाताई, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांनी जे काम केले त्याला जगात तोड नाही. हे आम्ही मनापासून लिहितो.

परंतु मुहूर्त आम्हीही काढला होता. ११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती आणि १४ एप्रिल ही बाबासाहेबांची. या चार दिवसांत केंद्र सरकारने लस उत्सव जाहीर केला. महापुरुषांच्या जयंतीला असे काम जोडण्याची कल्पना वाईट नव्हती. मात्र त्याच आठवड्यात महाराष्ट्रात लसीचा तुटवडा होता. मुंबईतील अनेक केंद्रांना कुलूप लागले होते. पहाटेपासून रांगेत उभे राहिलेले वृद्ध परत फिरत होते. १४ एप्रिलला रात्री आठ वाजल्यापासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले आणि दुसऱ्या लाटेने पुढे काय केले ते घराघरांत ठाऊक आहे. म्हणजे थिंफूत ग्रह पाहून दिवस ठरला, पण कोठार भरलेले होते. येथे महामानवांची नावे घेऊन दिवस ठरला आणि कोठार रिते होते. बाबासाहेबांच्या अनुयायांना यांतील कोणता प्रकार अधिक खटकावा?

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लस खुली झाली तेव्हा तर आणखीच गोंधळ. लसीचा अर्धा साठा केंद्राचा, पाव राज्यांनी विकत घ्यायचा, पाव खाजगी रुग्णालयांनी. एकाच कुपीचे तीन दर. शिवाय या वयोगटाला कोविन संकेतस्थळावर आधी नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नसे. ज्याच्या हातात चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजीची सवय, त्याला वेळ मिळे. आमच्या वस्त्यांतील मुले रात्र रात्र फोनकडे डोळे लावून बसत आणि दोन मिनिटांत सर्व जागा भरत. शहरातील मोटारवाले दूरच्या ग्रामीण केंद्रावर जाऊन लस घेऊन येत आणि त्या गावचे लोक बघत राहत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या धोरणावर आणि संगणकाच्या दरीवर कठोर प्रश्न विचारले. २१ जूनपासून केंद्राने तीन चतुर्थांश लस स्वतः विकत घेऊन राज्यांना मोफत देण्यास आरंभ केला. नोव्हेंबरमध्ये घरोघरी जाण्याची मोहीम निघाली. जे शेवटी केले ते आरंभी करता आले असते काय, हा प्रश्न आम्ही आजही विचारतो.

सक्तीचाही मोह काही ठिकाणी झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लसीचा एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस व पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला होता. शिधापत्रिकेवर ज्याचे पोट आहे त्याच्यावरच असा आदेश जड पडतो, पेट्रोल भरणारा दुसरा मार्ग शोधतो. लस घेतलीच पाहिजे या मताचे आम्ही आहोत. पण १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघर सोजिरे घुसवून जी सक्ती झाली तिने लोक रोगी लपवू लागले, हाही धडा इतिहासात आहे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. लसीकरणाचे सरकारी धोरण मात्र न्यायालयाने योग्य ठरविले. लसीचे दुष्परिणाम क्वचित होतात, कोव्हिशिल्डमुळे अत्यंत थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, हे लोकांना मोकळेपणाने सांगावे. सांगितल्याने लोक पळतात ही समजूत चुकीची आहे. लपवल्याचे कळले म्हणजे पळतात.

भारतातील दुसऱ्या लाटेचा फटका भूतानलाही बसला. भारताने लसीची निर्यात थांबवली. ते अपरिहार्य होते, आपलीच माणसे मरत होती. पण भूतानमधील पावणेपाच लाखांच्या आसपास लोक पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत राहिले. त्या छोट्या देशाने मग जगाकडे मागणी केली. अमेरिकेने मॉडर्ना लसीचे पाच लाख डोस दिले, डेन्मार्कने ॲस्ट्राझेनेकाचे अडीच लाख. क्रोएशिया, बल्गेरिया, चीन यांनीही दिले. मॉडर्ना ही निराळ्या पद्धतीची लस. तिच्यात विषाणू नसतो, काटे बनविण्याची सूचना चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेली असते. ती साठवायला शून्याखाली वीस अंशांच्या आसपास थंडी लागते. फ्रीजमध्ये महिनाभर टिकते. पहिला डोस एका लसीचा आणि दुसरा दुसरीचा, हे चालेल काय, अशी शंका साहजिक होती. युरोपात अशा मिश्र डोसांवर झालेल्या अभ्यासांतून शरीराचा प्रतिसाद उत्तम येतो असे दिसू लागले होते. डॉक्टर पंतप्रधानांनी त्या आधारावर लोकांना समजावून सांगितले. या वेळी निर्णय शास्त्राच्या पुराव्यावर झाला, आणि लोकांनी तोही तितक्याच विश्वासाने घेतला.

तेव्हा "बौद्ध असल्यामुळे झाले" या म्हणण्याचे काय? विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. तो आमच्या काही उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला न्हाऊ घातले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला बोलावून रोग्याची शुश्रूषा करण्याचा नियम घालून दिला. त्यांनी तेथे मंत्र म्हटला नाही, पाणी मागवले. वैशालीत दुष्काळ व साथ आली असता तथागत तेथे गेले व रतनसुत्ताचे पठण झाले, ही परंपरा आपण सर्व जाणतो आणि ते सुत्त आपल्या विहारांत म्हटलेही जाते. पण साथीच्या नगरात जाणे, हे त्यातील पहिले कृत्य होते. पाठीवर पेटी घेऊन पावसात चढण चढणारी परिचारिका या परंपरेत बसते असे आम्हांस वाटते, मग ती वानर वर्षात जन्मली असो वा नसो.

भूतानला देव्हाऱ्यात बसविण्याचेही कारण नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी याच राज्याने दक्षिणेकडील नेपाळी भाषिक ल्होत्शाम्पा लोकांपैकी सुमारे एक लाख लोकांना देशाबाहेर जाण्यास भाग पाडले. ते वर्षानुवर्षे नेपाळच्या छावण्यांत राहिले आणि पुढे बहुतेक अमेरिका व इतर देशांत गेले. ९३ टक्क्यांच्या हिशेबात ते कोठेच नव्हते, कारण ते देशातच नव्हते. बौद्ध देश म्हणून अभिमान बाळगताना हेही ध्यानात ठेवावे.

२०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन भूतानमध्ये शिरला आणि रुग्णसंख्या साठ हजारांवर गेली. तोवर प्रौढांना दोन्ही डोस मिळाले होते, मुलांचेही लसीकरण चालू होते. कोरोनाने तेथे झालेले एकूण मृत्यू २१. २३ सप्टेंबर २०२२ रोजी देशाच्या सीमा पर्यटकांसाठी पुन्हा उघडल्या. अडीच वर्षे बंद राहिल्याने अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती. त्यानंतर शिकलेले तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले आणि त्यांत परिचारिकाही आहेत. ज्यांनी २०२१ च्या पावसाळ्यात डोंगर चढून लस टोचली, त्यांतल्या कितीतरी जणी आता परदेशी नोकरी शोधत आहेत आणि थिंफूच्या मोठ्या रुग्णालयाला माणसे अपुरी पडत आहेत.